आरोंदेकरीण काकी आणि माझं माप

आमच्या आचऱ्यात 'बॉडी' हा शब्द मोठ्यानं उच्चारणारी एकच बाई होती, ती म्हणजे आरोंदेकरीण काकी. बाकीच्या बायका त्या वस्तूला 'आतलं' म्हणत, 'ते' म्हणत, फारच अडलं तर नुसती हनुवटी छातीकडे नेत. वाळत घालायची तर दोरीवर आधी ते आतलं, त्यावर पंचा, पंच्यावर लुगडं. मग ते मेलं वाळणार कसं? पावसाळ्यात घरभर कुबट वास सुटे, पण वस्तू दिसता कामा नये. आणि ही बाई एकदा देवळाच्या पायरीवर, भर गर्दीत, दहा हातांवरून ओरडली, "गो मास्तरणी! कोणी शिवली ती बॉडी? पाठीसून वर चढली हा! माझ्याकडे घेवन ये!" मास्तरीण म्हणजे माझी आई, शाळामास्तरांची बायको. बॉडी तिनं स्वतःच शिवलेली होती. त्या दिवशी तिनं देवाला नमस्कारही धड केला नाही. मला हाताला धरून जी निघाली ती थेट घरी, आणि पुढचे आठ दिवस देवळाकडे फिरकली नाही.

काकीचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. आरोंद्याहून लग्न होऊन आली म्हणून आरोंदेकरीण. माहेर खाडीकाठी, पलीकडे गोवा. लहानपणी पलीकडच्या एका किरिस्तांव शिवणकरणीच्या घरी तिनं चार वर्षं काढली होती आणि तिथंच ती बॉडी बेतायला शिकली. लग्नात बाकी काही आणलं नाही, पण हातानं फिरवायचं एक मशीन मात्र होडीतून मांडीवर घेऊन आली. नवरा गलबतावर असे, वर्षातले आठ महिने दर्यावर. तिचं घर किनाऱ्याच्या वाटेवर होतं. पडवीत जुन्या शिडाच्या कापडाचा पडदा लावलेला, त्याच्या आत तिचं राज्य. चुकून एखादा पुरुष पायरीशी घुटमळला की ती आतूनच विचारी, "काय होया तुका? बॉडी होयी?" तो बापडा जो पळे तो मागं वळून बघत नसे.

तिच्याकडे मोजपट्टी नव्हती. आकडे तिला येत नसत आणि बायकांनाही आपला आकडा कुणी बोललेला आवडत नसे. ती जाड पांढरा दोरा घेई, छातीखालून एक वेढा घेऊन गाठ मारी, मग भरल्या जागेवरून वेढा घेऊन दुसरी गाठ. खांद्याची तिसरी. झालं माप. प्रत्येकीचा दोरा भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेला असायचा. कुणाचा कुठला हे काकीला विचारावं लागत नसे, आणि तिनं ते दुसरीला कधी सांगितलंही नाही. एवढी तोंडाळ बाई, पण मापाच्या बाबतीत तोंडाला कुलूप! बाळंतपण झालं की बाई पोराला घेऊन पुन्हा येई, काकी तोच दोरा काढून गाठ पुढं सरकवी आणि म्हणे, "ही सगळी झिलाची करणी." शिवून झालेली बॉडीची कटोरी ती पेजेच्या पाण्यात बुडवून, घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या करवंटीवर ताणून वाळवायची. फळीवर अशा लहानमोठ्या करवंट्या ओळीनं पालथ्या घातलेल्या असायच्या. आम्ही पोरी येताजाता त्या फळीकडे बघून तोंडावर हात धरून हसत असू.

पण तिची खरी तऱ्हा पुढंच होती. नवी बाई आली की ती माप घेण्याआधी विचारी, "ह्या घालून तू काय करतलंस?" म्हणजे दिवसभर काम काय? भात कांडणारी असेल तर पडवीतलं मुसळ हातात देई. मासे विकणारी असेल तर पाटीत दगड घालून पाटी डोक्यावर ठेवायला लावी आणि विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगी. रुक्मीण म्हणून एक मासेवाली होती, आमच्या दारावर सौंदाळे घेऊन यायची. तिनंच सांगितलेली गोष्ट. नवी बॉडी अंगात घालून ती खूश झाली, "बसली गो काकी, झ्याक बसली" म्हणून निघायला लागली. काकीनं तिला दारातच अडवलं. "उबी रवान सगळ्यांकच बसता. उबी रवान तू मासे विकतंस? पाटी उचल!" रुक्मिणीनं हात वर करून पाटी उचलली मात्र, पट्टी खांद्यावरून घसरली. काकीनं तिथल्या तिथं ती बॉडी उसवली. त्या रुक्मिणीची बॉडी तिनं तीनदा उसवली. "बायलेन बॉडीक सांभाळूचा नाय गो," ती म्हणायची, "बॉडीन बायलेक सांभाळूचा." एक हात पाटीला आणि दुसरा सारखा खांद्याला, अशी बाई बाजारात दिसली की तिचं डोकं फिरत असे. तशा बाईला ती भर बाजारात थांबवी आणि पाठीमागं उभी राहून पट्टी नीट करून देई, मग बाई ओळखीची असो वा नसो.

आता माझं सांगते. माझे वडील शाळामास्तर. मीही मास्तरीण व्हायचं हे त्यांनी मी पाटी धरली तेव्हाच ठरवून टाकलेलं आणि मलाही तेच हवं होतं, मनापासून. पण तेराव्या वर्षी माझ्या अंगानं जी घाई केली ती काही विचारू नका. वर्गातल्या पोरी अजून परकरात उड्या मारतायत आणि मी आपली दप्तर छातीशी धरून, खांदे पुढं काढून, जमिनीकडे बघत चाललेय. आईनं वडिलांच्या जुन्या धोतराची एक घट्ट चोळी शिवली, पुढं सहा बटणं. तिचं शास्त्र सोपं होतं: जे दिसू नये ते आवळावं. मला धड श्वास घेता येत नसे. सातवीत असताना गुरुजींनी नकाशावर काश्मीर दाखवायला बोलावलं. मी हात वर केला आणि त्या चोळीचं एक बटण तुटून टप्प करून समोरच्या बाकावर पडलं. पोरगे हसले. बस्स, त्या दिवसापासून माझा हात खांद्याच्या वर जाईना. गुरुजींनी कन्याकुमारी विचारली असती तर माझी पुढची पाच वर्षं सुखात गेली असती!

सतराव्या वर्षी मास्तरणींच्या निवडीसाठी मालवणला जायचं होतं. साहेबांसमोर, खऱ्या वर्गावर, एक नमुना पाठ घ्यायचा. घरी पडवीत फळा लावून वडील माझ्याकडून तयारी करून घेत. मी फळ्याच्या मधोमध सुरुवात करी आणि तिथून खाली लिहीत जाई. "कुसुम, फळ्याचा वरचा अर्धा भाग देवाला सोडलायस का?" ते विचारत.  त्यांना काय सांगणार, कपाळ? मालवणला व्हायचं तेच झालं. पोटाच्या उंचीवर लिहिलेलं मागच्या पोरांना दिसेना. ती उभी राहिली, मग त्यांच्या मागची बाकावर चढली, कुणीतरी कुणाला ढकललं, वर्गाचा बाजार झाला. साहेब भले होते. म्हणाले, "मुली, तुझा विषय पक्का आहे. पण फळा वरून सुरू होतो. पुढच्या वर्षी ये."

पुढच्या वर्षी म्हणजे शेवटचंच वर्ष, हे घरी सगळ्यांना कळत होतं. तळेऱ्याचं एक स्थळ आईच्या कानावर आलंच होतं. नाक्यावर किराणा दुकान, मुलगा निर्व्यसनी. त्या बिचाऱ्यात वाईट काहीच नव्हतं, फक्त मला तो नको होता. वर्ष सरत आलं तेव्हा वडील म्हणाले, "एकदा पुन्हा जाऊ दे तिला. नाही जमलं तर तळेऱ्याला होकार कळवू." त्या रात्री मी आईला खरं काय ते सांगून टाकलं. काश्मीर, बटण, सगळं.  आई म्हणाली, "मुंबईला तयार मिळतात म्हणे. चांगल्या असतात."

आरोंदेकरणीकडे जायचं तिच्या मनात येईना. एक तर ती देवळातली गोष्ट विसरली नव्हती, आणि दुसरं म्हणजे मास्तरांच्या घरच्या बाईनं किनाऱ्याच्या बायकांबरोबर पडद्याआड रांगेत बसायचं कसं, हे तिचं खूळ. मग तिनं काकीचीच युक्ती उचलली. दार लावून माझं माप दोऱ्यानं घेतलं, गाठी मारल्या आणि दोरा पाकिटात घालून मुंबईला मामीच्या नावे धाडला. पत्रात लाजेनं एकच ओळ लिहिली: 'सोबत दोरा धाडला आहे, काय ते समजून घ्यावे.' नेमकी मामी तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. पाकीट मामानं फोडलं. गावाहून, ताईकडून, गाठी मारलेला दोरा आलाय म्हटल्यावर कुठला चाकरमानी दुसरं काय समजेल?

महिन्यानं उत्तर आलं. घरात आलेलं पत्र वडील पडवीत बसून मोठ्यानं वाचत. 'तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार. तू धाडलेला देवाचा दोरा पोचला. सोमवारी आंघोळ करून दंडाला बांधला. फार लांब होता म्हणून वेढे घेतले, गाठी मात्र सोडल्या नाहीत. तेव्हापासून खोकल्याला उतार आहे. देवाला माझ्या नावे नारळ ठेवावा.' वडिलांनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. "कसला दोरा?" आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "देवळातला." मी माजघरात उशीत तोंड खुपसून हसत होते, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. महिना फुकट गेला होता. आईनं खोटं बोलल्याचं पाप नको म्हणून दुसऱ्या दिवशी देवळात खरोखर नारळ ठेवला आणि तिथूनच, वाटेत घरीसुद्धा न डोकावता, मला घेऊन काकीच्या पडवीत गेली.

"ये गो मास्तरणी," काकी म्हणाली. "रस्तो चुकलंस?"

आई कुजबुजली, "हिचं... आतलं..."

"आतला काय? आतडी?"

आईचा चेहरा लाल झाला. मग तिनं सगळा जीव गोळा केला आणि तो शब्द उच्चारला, "बॉडी." पडद्याआड बसलेल्या दोन मासेवाल्या सरकल्या आणि त्यांनी आईला बसायला जागा करून दिली.

मामाच्या दोऱ्याची हकीगत ऐकून काकी इतकी हसली की मशीनचा दांडा धरून बसली. "तुज्या भावाक माप बसला मां? मगे रवांदे!" आणि मग तिनं मला उभं केलं, ती आवळलेली चोळी बघितली, आणि हसणं थांबलं. "ह्या काय गो? चेडवाक बांधून घातलंस? गाय आसा ती?" तिनं एकेक करून सहाही बटणं काढली. माझ्या अंगावर चोळीचे लाल वळ उठलेले होते, ते तिनं अंगठ्यानं हळू चोळले. मी खाली बघत होते. मला वाटत होतं, आता ही काहीतरी बोलणार, मोठ्यानं, आणि त्या दोघी हसणार. काकी आईला म्हणाली, "चेडू बरोबर आसा. कपडो चुकलो."

पाच वर्षं मी उलटं समजत होते: कपडा बरोबर, पोरगीच चुकलेली. मला रडू फुटलं. काकीनं मला रडू दिलं, नाक पुसायला कापडाचा एक कपटा दिला आणि विचारलं, "ह्या घालून तू काय करतलंस?"

"फळ्यार लिवतलंय," मी म्हटलं. तोंडातून मालवणीच आलं.

मुसळ होतं, पाटी होती, पण काकीच्या पडवीत फळा कुठला? तिनं चुलीतला विझलेला कोळसा आणून माझ्या हातात दिला आणि सारवलेली भिंत दाखवली. पहिली बॉडी चार दिवसांनी तयार झाली. "लिव," काकी म्हणाली. मी छातीच्या उंचीवर 'भरती आणि ओहोटी' असं लिहिलं, माझा पाठच तो होता. "वर!" मी हात थोडा वर नेला. पट्टी काखेत रुतली. उसव. दुसरी वेळ, पाठीकडून वर चढली. उसव. काकी भिंतीला टेकून माझ्या खांद्याकडे बघत बसे, मला लिहायला लावी, पुसायला लावी, पुन्हा लिहायला लावी. तिसऱ्या खेपेला तिनं काखेत तिरक्या कापडाचा एक तुकडा घातला, खांद्याची पट्टी दोन बोटं रुंद केली, पाठ खाली घेतली. पण माझा हात अजूनही वाशापर्यंत जाईना. तोवर मालवणला आठच दिवस उरले होते आणि तळेऱ्याहून दोनदा निरोप येऊन गेला होता.

"आता कपडो चुकाक नाय," काकी म्हणाली. "आता तूच चुकतंस. भियां नको. वर."

"बटण तुटलं तर?"

"तोड बघूया!" तिनं कंबरेवर हात ठेवले. "मी टाचलेला बटण तोडून दाखय माका. दोन हातांनी उडी मार, आड्याक लटक, काय व्हया तां कर. तुटला तर मी मशीन खाडीत टाकतंय."

मला राग आला. खरंच आला. मी टाचा उचलल्या आणि कोळसा वाशाला लागेल इतक्या वर हात नेऊन लिहायला लागले. भरती का येते, ओहोटी का येते, चंद्र, समुद्र, सगळा पाठ वरपासून खालपर्यंत लिहून काढला. मधेच काकीनं विचारलं, "खंय रुतता?"

"काय?" मी मागं न बघताच म्हटलं.

"झाला," काकी म्हणाली. "इसारलंस मां? मगे बसली."

मालवणला तेच साहेब होते. मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला शीर्षक घातलं तेव्हा खडूची पूड त्यांच्या टोपीवर पडली आणि ते खुर्ची मागं घेऊन बसले. पोरं जागची हलली नाहीत. एकानं विचारलं, बाई, ओहोटीला पाणी जातं कुठं? आणि मी सांगत सुटले. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. मी धावत काकीकडे गेले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, पडदा बाजूला सारला, पायरीवर उभी राहिली आणि किनाऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऐकलास गो? मास्तराच्या चेडवान माझी बॉडी घालून परीक्षा मारली!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण हाकेच्या अंतरावर आमच्या घरापाशी आई उभी होती, तीही तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "मारली हो, मारली!" वडील बिचारे घाईघाईनं आत गेले.

पुढं मी नोकरीला लागले, आचरा गाव सुटलं. सुट्टीत आले की काकीकडे एक फेरी ठरलेली. मामाची गाठही मे महिन्यात पडे. दंडावर तो दोरा काळा पडलेला, पण त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही आणि आम्हीही कधी तोंड उघडलं नाही. एकदा मी मालवणच्या दुकानातली तयार बॉडी काकीला दाखवायला नेली. तिनं उलटसुलट करून पाहिली. "कोणाची ही?" चौतीस नंबरची, मी म्हटलं. "चौतीस कोण? कोणाचीच नाय, मगे बसतली कोणाक?" पण इलॅस्टिक ओढून बघितल्यावर तिचे डोळे चमकले. "ह्या मात्र बरा आसा हां. माका आदी गावला असता तर किती उसवणी वाचली असती!" तरण्या पोरी हळूहळू दुकानाकडे वळल्या. काकीनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. दिसायचं कमी झाल्यावर तिनं मशीन सुनेला दिलं आणि पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना पट्ट्यांवरून शिव्या घालत राहिली.

ती गेली तेव्हा मी दुसऱ्या गावी शाळेत होते. आईचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, दुपारच्या सुट्टीनंतर, वर्ग भरलेला असताना. मी उभ्या उभ्या फोडलं. 'आरोंदेकरीण मंगळवारी गेली. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. मीही शेवटपर्यंत त्यांच्यात बसून होते.' एवढंच. पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि रडू तर थांबत नव्हतं. मी फळ्याकडे वळले, खडू घेतला, हात पोचेल तितका वर नेला आणि पाठमोरी उभी राहून लिहीत राहिले. लिहिता लिहिता भरपूर रडले. फळा खालपर्यंत भरला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, सगळा दिसता हां."